उपरण्यातला पिवळा धागा

२ जून
कुळप्रमुखांचा फोन. ऑगस्टच्या कुळमेळ्यात साऱ्या कुळांचे तंबू आणि मिरवणुका. आमच्या मिरवणुकीच्या अग्रभागी, बॅगपाइपवाल्यांच्या मागोमाग, मॅकइनार घराण्याची सून चालणार. कोण? इशबेल. धाकटी जाऊ. का, तर घराण्याचं टार्टन, म्हणजे कुळाच्या ठरल्या रंगांचं चौकड्यांचं कापड, ती स्वतःच्या मागावर विणते. मी थोरली. एडिनबराची बी.ए. मला वाईट वाटलं नाही. कुळप्रमुखांचं वय झालंय.

५ जून
संकल्प : इशबेलचा विचार बंद.
न्याहारीपर्यंत पाळला. मग ती घरी भाजलेले स्कोन, लोण्याबरोबर खायचे छोटे पाव, घेऊन आली. चांगले झाले होते. मुद्दाम.

११ जून
माळ्यावर सासूबाईंची जुनी शाल सापडली. हिरवा, काळा, निळा. आमचेच रंग. पण हिरव्याच्या मधोमध पिवळी रेघ! इशबेलच्या कापडात पिवळं औषधालाही नाही. म्हणजे खरं टार्टन हे. बाईसाहेब इतकी वर्षं चुकीचं विणताहेत. याच नमुन्याचं उपरणं करून घेणार, मेळ्यात सर्वांसमोर सोक्षमोक्ष लावणार.
नवऱ्याला सांगितलं. टॉर्क्विल म्हणाला, अगं, पण ती शाल... म्हटलं, मला शिकवू नकोस.

२० जून
शाल घेऊन लोकरीच्या गिरणीत गेले. विणकराने भिंग लावून धागे मोजले. मधल्या पिवळ्यापासून हिरवा, काळा, निळा. निळ्याच्या मध्यावर वळून त्याच वाटेने परत. उभे तसेच आडवे. म्हणाला, बाई, पिवळा नक्की ठेवायचा? म्हटलं, त्याच्यासाठीच तर आले. कुठल्या घरचं? मॅकइनार. त्याला खोकला आला. गिरणीत लोकर फार उडते.

८ जुलै
इशबेलला कळलं. लगेच हजर. म्हणे, जाऊबाई, राग मानू नका, पण पिवळा आपला नव्हे हो, ड्रमॉकांचा.
ड्रमॉक! तीनशे वर्षांपूर्वी आमची गुरं पळवणारे! त्यांच्या दुकानातलं लोणीसुद्धा मी घेत नाही.
म्हटलं, मत्सर वाईट, इशबेल. म्हणाली, कोणाचा? तिला वाटेला लावलं. तिचे स्कोन कुत्र्याला घातले. दोन सोडून.

२ ऑगस्ट
उपरणं आलं. डावा खांदा कुळप्रमुखांच्या बायकोचा, बाकीच्यांनी उजव्यावर घ्यायचं. आरशासमोर थोडा वेळ डाव्यावर घेऊन पाहिलं. शोभतं.

१६ ऑगस्ट, सकाळी
पाऊस. बेत : मिरवणूक उभी राहिली की इशबेलशेजारी जायचं, दोन्ही कापडं कुळप्रमुखांपुढे धरायची. भाषण पाठ आहे.

१६ ऑगस्ट, संध्याकाळी
फाटकावरच्या स्वयंसेवकाने खांद्याकडे पाहिलं आणि मोठ्या आदबीने एका तंबूत नेलं. पुढची खुर्ची. हातात व्हिस्की. म्हटलं, चला, उशिरा का होईना, कळलं यांना. मग आजूबाजूला पाहिलं. जिकडेतिकडे पिवळी रेघ.
एक म्हातारा ड्रमॉक आला, उपरण्याची कड चाचपून म्हणाला, अगदी आमच्या मोरागच्या शालीसारखं! पळून जाऊन लग्न केलं पोरीने, त्यानंतर त्या घरचं कोणी आमच्या तंबूत फिरकलं नाही. ये बाई, बस.
मोराग म्हणजे सासूबाई. माहेरचं नाव त्यांनी जन्मात घेतलं नव्हतं.
तेवढ्यात समोरून मिरवणूक गेली. इशबेल पुढे. तिने हात हलवला. मी ग्लास वर केला. दुसरं काय करणार?
घरी टॉर्क्विलला झापलं, आईचं माहेर सांगता येत नव्हतं? म्हणाला, जूनपासून सांगतोय, 'ती शाल'च्या पुढे तू जाऊ देशील तर!

१९ ऑगस्ट
ड्रमॉकांचा फोन. पुढच्या वर्षी त्यांच्या मिरवणुकीच्या पुढे मी चालेन का? विचार करते म्हटलं. गुरांचं प्रकरण फार जुनं आहे. त्यात दोन्ही बाजूंचं काही ना काही चुकलं असणार.
दुपारी इशबेलकडे मुद्दाम गेले. सहज बोलल्यासारखं सांगितलं. तिने माग थांबवलासुद्धा नाही. म्हणाली, हो ना, आधी मलाच विचारलं त्यांनी, त्यांची उपरणीही मीच विणते ना. मग मीच त्यांना म्हटलं, आमच्या जाऊबाईंना विचारा, त्यांना हौस आहे.