चार कॉम्प्युटर, एक पासवर्ड

३ मार्च, सोमवार

आजपासून ऑफिसातलं इंटरनेट बंद. म्हणजे कामापुरतं सुरू. हॉलमध्ये कॉम्प्युटर चार, माणसं अकरा. ज्याला जो रिकामा दिसेल त्यावर तो बसतो. बसतो आणि मॅच बघतो. आम्ही औषधांच्या बाटल्यांची लेबलं छापतो. त्याला मॅच लागत नाही.

साहेबांना सांगितलं, महिन्याभरात शिस्त लावून दाखवते. साहेब म्हणाले, बघा मॅडम. या महिनाअखेर माझी नोकरी संपते. पुढे दोन वर्षं मुदतवाढ द्यायची की नाही, ते त्यांच्या हातात. हे काम चोख झालं की ते स्वतःहून देतील. मागावी लागणार नाही.

४ मार्च, मंगळवार

कॉम्प्युटरवाला आला. म्हणाला, प्रत्येकाला वेगळा पासवर्ड देऊ, मग कोण काय बघतं ते कळेल. मी नाही म्हटलं. अकरा पासवर्ड म्हणजे रोज सकाळी 'मॅडम, विसरलो' म्हणत माझ्या टेबलापाशी रांग. चारही मशीन माझ्याच नावाने उघडतात, आणि मीच उघडते. सगळ्यांच्या आधी तासभर येते. त्या तासात ऑफिसात चिटपाखरू नसतं, हे मी प्रत्येक मीटिंगमध्ये सांगते. ऐकून तरी कुणी लवकर येईल.

तो म्हणाला, जशी तुमची मर्जी. या पिढीला साधेपणा कळत नाही.

७ मार्च, शुक्रवार

मॅच बंद. गाणी बंद. खरेदी बंद. हॉलमध्ये शांतता. छपाईचे फोरमन म्हणाले, मॅडम, शाळेत आल्यासारखं वाटतंय. मी आभार मानले.

हिशेबनीस पत्त्यांचा डाव खेळताना सापडले. म्हणाले, हा इंटरनेटवर नाही, मशीनमध्येच आहे. पत्तेही काढायला लावले. घरातलं कुणी गेल्यासारखे दिवसभर बसून होते.

मी स्वतः फक्त हवामान बघते. आणि गुडघ्यांचे व्यायाम. तो आरोग्याचा विषय, म्हणून तेवढं सुरू ठेवायला सांगितलंय. आणि भरतकाम. त्याने रंगांची जाण वाढते, लेबलांना उपयोग होतो.

९ मार्च, रविवार

धाकट्या बहिणीचा फोन. म्हणाली, ताई, पुरे झाली गं आता ती दगदग, घरी बस निवांत. सांगितलं, मला काय, आवडेलच. पण ऑफिसचं काय होईल? म्हणाली, ऑफिस तुझ्याआधीही होतं. ही पहिल्यापासून अशीच तोंडाळ.

दुपारी घर आवरलं. आवरून झालं तरी दुपारच होती.

१२ मार्च, बुधवार

लोक आता मोबाइलवर बघतात. मोबाइल माझ्या कपाटात जमा. दिवसभर कपाट वाजत होतं. डोकं दुखलं. दुखू दे. शिस्त लावणाऱ्याचं दुखतंच.

टायपिस्ट म्हणाली, मॅडम, घरी आई आजारी आहे, माझा तेवढा द्या. दिला. मग प्रत्येकाची आई आजारी पडली. हिशेबनीसांच्या आईला जाऊन सात वर्षं झाली. मी स्वतः भेटायला गेले होते.

१८ मार्च, मंगळवार

जरा गडबड. औषध कंपनीने लेबलाचा दुरुस्त मजकूर इंटरनेटवरून पाठवला होता. आपल्याकडे ते पान बंद. म्हणून जुनाच छापला गेला. 'दोन दिवसांतून एकदा' हवं होतं, 'दिवसातून दोनदा' गेलं. माल दारातून बाहेर पडता पडता फोरमननी पकडला. सगळा रद्दीत.

फोरमन साहेबांसमोर म्हणाले, मी मॅडमना शुक्रवारीच सांगितलं होतं, मजकूर उघडत नाही म्हणून. सांगितलं होतं. मी म्हटलं होतं, न उघडण्यासाठीच एवढा खटाटोप केलाय. पण तेव्हा ते कोणत्या सुरात बोलले, ते त्यांनी साहेबांना सांगितलं नाही.

साहेब मान हलवून आत गेले. समजूतदार आहेत.

२१ मार्च, शुक्रवार

आता पुरावाच हवा. कॉम्प्युटरवाल्याला सांगितलं, जानेवारीपासून या मशीनवर काय काय बघितलं गेलं ते काढ आणि थेट साहेबांना दाखव. आधी मला नको. उद्या कुणी म्हणायला नको की मॅडमनी फिरवाफिरवी केली. त्याने विचारलं, नक्की ना? या मुलाला प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागते.

२७ मार्च, गुरुवार

वातावरण बदललंय. साहेबांनी सकाळी स्वतः दार उघडून धरलं. मुदतवाढ बहुतेक नक्की. खोलीतले पडदे बदलून मागावेत का?

२८ मार्च, शुक्रवार. सायंकाळ

साहेबांनी बोलावलं. चहा मागवला. म्हणाले, तुम्ही इतक्या थकल्या असाल याची मला कल्पनाच नव्हती, मॅडम.

सगळं माझ्या नावावर निघालं. मॅच माझ्या नावावर. दुसरीकडच्या नोकऱ्या माझ्या नावावर. 'वरिष्ठांचा जाच कसा सहन करावा', तेही. मी म्हटलं, साहेब, ती वरिष्ठ मीच आहे. हे लोक माझ्याबद्दल विचारताहेत. ते म्हणाले, बरं, मग यातलं तुमचं कुठलं? म्हटलं, एकही नाही.

कॉम्प्युटरवाला तिथेच उभा होता. मला मदत करायची म्हणून म्हणाला, वेळेवरून कळतं की. मॅच दुपारची. नोकऱ्या जेवणाच्या सुट्टीतल्या. जाच साधारण चारच्या पुढे. फक्त एक प्रश्न रोज सकाळी, ऑफिस भरायच्या आधी. त्याने स्क्रीनवरून मोठ्याने वाचला. 'निवृत्तीनंतर एकटीने दिवस कसा घालवावा.' मग त्याने विचारलं, त्या वेळी इथे कोण असतं?

साहेब चहात बघत होते.

मी म्हटलं, ते मी एका मैत्रिणीसाठी बघत होते. तिला स्वतःला कॉम्प्युटर जमत नाही.

मुदतवाढीचा विषय मीच काढला. साहेब नाही म्हणाले. हळूच म्हणाले. सोमवारी चार वाजता छोटासा निरोप समारंभ आहे. मी उठले, तेव्हा तेही उठले. म्हणाले, त्या मैत्रिणीला सांगा, पहिले काही महिने जड जातात, मग सवय होते. माझ्या आईलाही झाली.

सांगते म्हटलं तिला.