भरमू बंद

सोमवार, ३ मार्च
ही वही फक्त तांत्रिक नोंदींसाठी. भावना लिहायच्या नाहीत. त्या नाहीतच.

मुकादम तयार झाला. माझा प्रोग्रॅम. दुसरे प्रोग्रॅम सुरू करणं, थांबवणं आणि एखादा मेलाच तर त्याला पुन्हा उठवणं, एवढंच त्याचं काम. रंगीत बटणं नाहीत. काळ्या स्क्रीनवर आज्ञा टाइप करायची. ज्यांना बटणं लागतात त्यांच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही.

पहिलं गिऱ्हाईक निपाणीचे तंबाखूचे व्यापारी वृषभअण्णा. त्यांच्या गोदामात चाचणी पास झाली आणि अण्णांनी पसंत म्हटलं, की सर मला बेंगळूरच्या ऑफिसात पाठवणार. जागा एकच आहे. शेजारच्या टेबलावरच्या नागेंद्रलाही जायचंय म्हणे. जायचं तर पुष्कळांना असतं.

सरांनी विचारलं, तिकडे कन्नड लागेल, येतं ना? फ्लुएंट, म्हटलं. शाळेत होतं.

बुधवार, ५ मार्च
नागेंद्रनं कोड वाचला. त्याचं म्हणणं, प्रोग्रॅम आधीच चालू असेल तर दुसऱ्यांदा सुरू करायला मुकादमनं नकार द्यावा. माणसं दोनदा एंटर दाबतात गं दिव्या, म्हणाला. मी सांगितलं, मुकादम समजूतदार माणसांसाठी आहे. तो हसला. विनोद कळतो त्याला. डिझाइन कळत नाही.

गुरुवार, ६ मार्च
निपाणी. गोदामात तीन प्रोग्रॅम: एक वजनकाटा वाचतो, एक पावती छापतो, तिसरा प्रत्येक पोत्याचं वजन अण्णांच्या बेळगावच्या ऑफिसात पाठवतो. तिसऱ्याचं नाव मी सिंक ठेवलं होतं. अण्णा म्हणाले, सिंक म्हंजे भांडी घासायचं न्हवं? त्याचं नाव भरमू ठेवा. भरमू हा त्यांचा जुना शिपाई. पूर्वी रोजचे आकडे पिशवीत घालून एसटीनं बेळगावला तोच पोचवायचा. आता गेटजवळ तंबाखू मळत बसून असतो.

नाव बदललं. गिऱ्हाइकाचा बालिशपणा सहन करणं हेसुद्धा कौशल्य आहे.

काट्यावरच्या ऑपरेटर आक्काताई. त्यांना मराठी, कन्नड दोन्ही येतं. बजावलं, उद्या फोनवर कन्नडातच बोलायचं. मला सराव राहील, हे कारण सांगितलं नाही. कशाला ओ मॅडम, आता मराठीच बोलतोय की आपण, म्हणाल्या. मी म्हटलं, ऑफिशियल काम ऑफिशियल भाषेत. व्हय व्हय, म्हणाल्या. चेहऱ्यावर आदर होता.

शुक्रवार, ७ मार्च
चाचणी. मी बेळगावात, टिळकवाडीच्या आमच्या ऑफिसात, आक्काताई निपाणीत, मध्ये फोन. तिकडचं नेट मंद, त्यामुळे त्यांची स्क्रीन मला दिसत नव्हती. दिसण्याची गरजही नव्हती. त्यांनी भरमूला मुद्दाम मारायचं, मुकादमनं त्याला आपोआप उठवायचं, आणि काय झालं ते त्यांनी मला सांगायचं.

मारला. मी कन्नडात विचारलं, काय झालं? उत्तर: भरमू बंद.

म्हणजे उठला नाही. हरकत नाही. स्टार्ट टाका, म्हटलं. थोड्या वेळानं: भरमू बंद. पुन्हा स्टार्ट टाका. यावर त्या कन्नडात बरंच काही बोलल्या. त्यातला ‘मॅडम’ स्पष्ट कळला, बाकीचा सारांश लक्षात आला. टाका, म्हटलं. तिसऱ्यांदा, जरा ओरडूनच: भरमू बंद.

चाचणी थांबवली. कारण: निपाणीची वीज, निपाणीचा कॉम्प्युटर किंवा आक्काताई. यांपैकी एक, किंवा तिन्ही.

शनिवार, ८ मार्च
सुट्टी असून बोलावणं आलं. अण्णांच्या बेळगावच्या कॉम्प्युटरवर गोदाम सकाळीच भरून गेलं. भरलं म्हणून तिकडून गेट बंद करायला सांगितलं. तंबाखूचे ट्रॅक्टर पार रस्त्यापर्यंत उभे. अण्णांचा फोन: काय ओ बाई, गोदाम फुल्ल म्हणतंय तुमचं मशीन, आणि आत पोरं क्रिकेट खेळतील एवढी जागा हाय.

नागेंद्रनं लॉग काढला. काल मुकादमनं भरमूला लगेच उठवलं होतं. त्यावर मी आणखी दोन सुरू करायला लावले. तीन भरमू. तिघेही प्रामाणिक. प्रत्येकानं प्रत्येक पोतं बेळगावला पाठवलं.

मग त्यानं आक्काताईंना फोन लावला. दोघं कन्नडात बोलले. तो फार वेळ हसला. फोन ठेवून मला म्हणाला, अगं, कन्नडात ‘बंद’ म्हणजे ‘आला’. भरमू आला, भरमू आला म्हणून सांगत होत्या त्या.

आक्काताईंचा जबाब असा: मी म्हटलं की, आलाय ओ मॅडम, अजून किती बोलवताय? त्या टाका म्हणाल्या. मला वाटलं, सीझन हाय, लागत असतील तीन गडी.

निष्कर्ष. एक: चाचणी पहिल्याच झटक्यात पास झाली होती, म्हणजे माझा कोड निर्दोष. दोन: ‘बंद’ कन्नडात फक्त पुरुषासाठी वापरतात. सिंकसाठी आक्काताई ‘बंतु’, म्हणजे ‘आलं’, म्हणाल्या असत्या आणि काही झालं नसतं. म्हणजे चूक नाव बदलणाऱ्या अण्णांची. तीन: हा अर्थ मला माहीत होता. फोनचा आवाज खराब होता.

एकाच शब्दाला शेजारशेजारच्या दोन भाषांत उलटे अर्थ देणं, हे कुणाचं डिझाइन आहे?

मंगळवार, ११ मार्च
मुकादममध्ये सुधारणा. मेलेला प्रोग्रॅम आता आपोआप उठणार नाही. असे निर्णय जबाबदार माणसानं घ्यावेत. नागेंद्रनंही त्याची ती दुसऱ्यांदा-नकारवाली अट घातली. घालू दिली. त्यालाही काही केल्यासारखं वाटायला हवं.

सर म्हणाले, अण्णा पसंत म्हणायला तयार आहेत, एका अटीवर. अट उद्या-परवा कळेल. मी मोठी बॅग विकत घेतली.

गुरुवार, १३ मार्च
मुकादम पसंत.

अट: सीझन संपेपर्यंत एक माणूस निपाणीत हवा. अण्णांनी माझं नाव घेऊन मागणी केली. सरांनी त्यांचे शब्द जसेच्या तसे ऐकवले: तीच पोरगी पाठवा, घोटाळा कुठं होतो ते तिलाच म्हाईत.

अनुभवाची कदर करणारं गिऱ्हाईक दुर्मीळ असतं. बेंगळूरला नागेंद्र जातोय. तात्पुरता. त्यानं विचारलं, बॅग देतेस का? दिली नाही. निपाणीच्या एसटीत बसते ती.

सोमवार, १७ मार्च
गोदामात रुजू. आल्याआल्या आक्काताई दारातूनच म्हणाल्या, मॅडम, भरमू बंद.

या वेळी गडबड केली नाही. शांतपणे म्हटलं, गोत्तु, गोत्तु. म्हणजे कन्नडात, माहीत आहे. बरं, तुमास्नी म्हाईत हाय म्हंजे झालं, म्हणाल्या, आणि चहा आणायला गेल्या. चहा चांगला होता. दिवसभर काट्यावर पोती चढत-उतरत होती. मी कशालाही हात लावला नाही. सगळं सुरळीत चालू असताना हात न लावणं फार थोड्यांना जमतं.

संध्याकाळी बेळगावहून फोन: आज एकाही पोत्याचं वजन आलेलं नाही.

आक्काताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, मागच्या खेपेला कन्नडानं लई घोळ झाला, म्हणून मी मुद्दाम मराठीत सांगितलं की ओ मॅडम.

मी स्टार्ट टाकायला बसले. अण्णा म्हणाले, ऱ्हाऊ दे बाई. रागावले नाहीत. रागावले असते तर उत्तर तयार होतं. त्यांनी दिवसभराच्या पावत्या पिशवीत भरल्या आणि गेटकडं हाक मारली. भरमूनं तंबाखू झटकली, टोपी घातली आणि बेळगावची एसटी धरली.

जेवताना नागेंद्रचा बेंगळूरहून मेसेज: आजचे आकडे दिसत नाहीत. भरमूचं काय?

तेवढ्यात बेळगावच्या ऑफिसातून कळलं, म्हातारा पिशवी घेऊन पोचला. नागेंद्रला एका शब्दात उत्तर पाठवलं: बंद.

कुठल्या भाषेत, ते त्यानं ठरवावं.