काळ्या बॉलआधीचे खोटे हात

तीर्थरूप मामा,

तुमच्या पायांवर डोकं ठेवतो. (ठेवलंय टेबलावर, पण तोंड तुमच्या घराच्या दिशेला केलंय. खोलीतला सोबती विचारतोय, पोटात दुखतंय का?) तुमचा गुडघा कसा आहे? शिलाई मशीनला मोटार बसवून घ्या म्हणून मागेच सांगितलं होतं, तुम्ही ऐकलं नसणार. मामींचा खोकला थांबला का? मी ठणठणीत आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून तुम्हाला वाटेल की याला काहीतरी झालंय.

ताईच्या लग्नाला मला येता येत नाही. मामा, पत्र खाली ठेवू नका, कसं झालं ते तरी ऐका. मी या धुलाईच्या कारखान्यात मोठ्या इस्त्रीवर असतो. हॉटेलांच्या चादरी येतात. एक टोक मी धरायचं, दुसरं समोरच्या काकांनी, आणि दोघांनी मिळून ती तापलेल्या रोलरमध्ये सारायची. एकजण रजेवर गेला तर बदली माणूस मिळतो, दोघे एकदम गेले तर रोलर बंद. आता नशीब बघा, मला हवा तोच आठवडा काकांनाही हवा. त्यांच्या लेकीचं पहिलं बाळंतपण आहे, म्हणजे त्यांना खोटंही पाडता येत नाही. आमचे सुपरवायझर असल्या भांडणात पडत नाहीत. (पडले होते एकदा, तेव्हापासून त्यांच्या चहात कुणीतरी साबण टाकतं असा त्यांना संशय आहे.) त्यांनी ठरवूनच टाकलंय, रजेवरून जुंपली की चहाच्या खोलीतल्या पूल टेबलावर निकाल लावा आणि मला नुसतं नाव सांगा. टेबलाचा एक पाय पुठ्ठ्यावर उभा आहे, पण निकाल सगळे मानतात.

या काकांना सगळे लंबक म्हणतात. कारण बॉल मारायच्या आधी ते काठी नुसतीच मागेपुढे, मागेपुढे करत बसतात. तुम्ही ज्याला खोटे हात म्हणता ना, तेच. त्यांचा एक फटका होईस्तोवर लोक चहा पिऊन कप विसळून येतात. मला त्यांना बघून तुमचीच आठवण यायची. कापडाला कात्री लावण्याआधी तुम्ही ती हवेत चालवून बघता आणि गिऱ्हाईक घाबरून विचारतं, 'मास्तर, कापड कमी पडतंय का?' पूलच्या क्लबातही तुम्ही मला तेच शिकवायला गेलात. तुम्ही म्हणायचात, आधी खोटे हात मार, खरा आपोआप सरळ जातो. आणि मी म्हणायचो, खरा मारता येतो तर खोटे कशाला? माझं सगळंच तसं. शाळेत प्रश्न वाचायच्या आधी उत्तर लिहायचो, म्हणून तर शाळेने मला लवकर मोकळं केलं.

तर खेळ सुरू झाला. मी आपला नेहमीसारखा, वाकलो की मारला, वाकलो की मारला. बॉल असे जात होते की भट्टीवालासुद्धा (हा कुणाचं चांगलं बोलत नाही) म्हणाला, 'याची बॅग भरा रे!' माझे सगळे बॉल गेले, फक्त शेवटचा काळा उरला, तो आत गेला की रजा माझी. तोही पॉकेटच्या तोंडाशी, आत जायला जागा शोधत असल्यासारखा. फुंकर मारली असती तरी गेला असता. आणि तेवढ्यात मला ताई आठवली. खेळाच्या दोनच दिवस आधी फोनवर म्हणाली होती, 'तू आला नाहीस ना, तर तुझा फोटो खुर्चीवर ठेवीन. मग लोकांना काय समजायचं ते समजू दे.' हसत म्हणाली, पण फोन ठेवायच्या आधी लग्नाची तारीख पुन्हा दोनदा सांगितली. मला वाटलं, हा बॉल ताईचा आहे, हा असा घाईत मारायचा नाही, मामा सांगतात तसा मारायचा. म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा खोटे हात मारायला लागलो.

पहिला छान गेला. दुसराही. तिसऱ्याला काठी जरा जास्तच पुढे गेली आणि तिचं टोक पांढऱ्या बॉलला जाऊन टेकलं. टेकलं म्हणजे नुसतं टेकलं हो, बॉल कूस बदलावी तेवढा हलला. पण नियम तो नियम, चुकून लागलं तरी तो फटकाच धरतात. माझी पाळी गेली. काकांचाही काळाच उरला होता. समोरचा चुकला की मुभा असते, तसा त्यांनी पांढरा उचलून हवा तिथे ठेवला, आणि समोर सोपा बॉल असतानाही खोटे हात मारत बसले. मामा, तेवढ्या वेळात मी किती देव बदलले! मग त्यांनी तो अलगद आत सोडला. कुणी टाळी वाजवली नाही. काका माझ्याजवळ आले, माझ्याकडे न बघता म्हणाले, 'पोरा, आज एवढा वेळ का लावलास? नेहमीसारखा मारला असतास तर गेलाच असता की.' हे मला लंबकाने सांगावं!

आता रोज चादरीच्या एका टोकाला मी असतो आणि दुसऱ्या टोकाला ते. दोघेही चादरीकडेच बघतो. मधेच ते म्हणतात, 'मुलगी झाली तर तुझ्या ताईचं नाव ठेवू का?' मी म्हणतो, ठेवा. दुसरं काय म्हणणार?

तुमचा,
घाईखोर

ता. क. – खोटे हात मारल्याने फरक पडतो की नाही, या आपल्या जुन्या वादात तुमचं म्हणणं मान्य. फरक पडतो.

ता. क. – लग्न एकच आठवडा पुढे ढकलता येईल का? तोवर काका परत येतील. ही तारीख खोटा हात समजा, पुढची खरी.

ता. क. – वरचं खोडलंय असं समजा. नवऱ्याकडच्यांना काय सांगणार तुम्ही? खरं काम वेगळंच आहे. मी येत नाही हे ताईला अजून माहीत नाही. तिच्या फोनवर रोज एक रिंग होऊन बंद होते ना, तो मीच, कारखान्याच्या फोनवरून. आज सांगून टाकीन असं वाटतं, पण एक रिंग वाजली की मी ठेवून देतो. तिला एवढंच सांगा, आता वाजला की पहिल्याच रिंगला उचल. चुकून लागला तरी धरतात.