मावशीच्या गाण्याखालची ओळ

डोंबिवली, मंगळवार, १९९६

डोळे चुरचुरतायत, तरी लिहिते. आज व्हिडिओच्या दुकानात ताईच्या लग्नाची कॅसेट करत होते. ताई म्हणजे मावशीची मुलगी. आमच्या कोळीवाड्यातली गाणी तिच्या सासरच्यांना समजत नाहीत, म्हणून मी खाली साध्या मराठीत अर्थ टाईप करते. दुकानवाल्या शिरीषदादाने आता कॉम्प्युटरमध्ये नवीन सोय केलीय. नको त्या ओळीवर खूण केली की ती पडद्यावर येतच नाही.

मावशी गाते, विहीण नटून आलीय पण जीव तिचा सोन्यात अडकलाय. मी खूण केली. ताईला तिथे राहायचंय ना.

तर आज ताईची सासूच आली बघायला, मी त्यांना काकू म्हणते. मावशी गातेय, बायका हसून हसून लोळतायत, आणि खाली काहीच नाही.

"अगं, एवढं काय म्हणतायत?" काकूंनी मला विचारलं.

मी उगीच कीबोर्डवरची धूळ पुसत राहिले.

"बोल की गं, मिठाची गुळणी धरलीस काय?" शिरीषदादा ओरडला.

"आशीर्वाद देतायत, काकू."

काकूंनी चक्क टीव्हीला हात जोडले. "मग तसं लिही ना खाली! किती प्रेमाने गातायत."

लिहिलं. मावशीचं ते खो खो हसणारं तोंड आणि खाली 'सुखाने नांदा'. दुसरं काय करणार होते मी? खरं सांगायला हवं होतं का? डोळे मिटले तरी तेच तोंड दिसतंय.

मावशीला वाचता येत नाही, तिला काही कळायचं नाही. पण ताई सासूच्या शेजारी बसून बघणार. तिला गाणंही कळतं आणि वाचताही येतं.