राय व्हिस्कीतली मिरी

प्रिय अहो,

लेक सुखरूप आहे. नात तुमच्यावर गेलीय, दिवसभर झोपते.

तुमचं पत्र वाचलं. मी इथे लेकीचं बाळंतपण करतेय, आणि तिकडे शेजारच्या डॉक्टरीणबाई माझ्या खुर्चीत बसून तुमच्या राय धान्याच्या व्हिस्कीला मार्क देताहेत! कुठल्या ग्लासात कुठली बाटली ते कळू नये म्हणून बुडाला नंबरही त्याच चिकटवतात? ते माझं काम आहे. "त्यांना लगेच मिरीचा वास आला," म्हणे. तोच वास मी वीस वर्षांपूर्वी सांगितला, तेव्हा तुम्ही म्हणालात, "तुला सर्दी झालीय."

गुडघा कसा आहे?

नवी बाटली उघडू नका. मी पंधरा दिवस आधीच येतेय. लेकीला सांगितलंय, तुमचं बीपी वाढलंय. तिचा फोन आला तर जरा कण्हा.

अजून तरी तुमचीच,
पहिली परीक्षक