कर कापला म्हणून वाटलेले पेढे

तीर्थरूप अप्पांना लेकीचे शरणु.

देहरादूनला थंडी लई हाय, पण अव्वानं दिलेली शेंगांची चटणी अजून पुरायलीय, काळजी करू नका. फोनवर तुमी मला बोलूच देत न्हाई, म्हणून लिहायलेय.

माझ्या स्टायपेंडमधून इन्कम टॅक्स कापला हे ऐकून तुमी भालकीच्या बाजारात पेढे वाटले म्हणे, "आमची लेक सरकारला कर द्यायली!" अप्पा, इथल्या कॉलेजच्या ऑफिसनं स्टायपेंडला पगार समजून तो चुकून कापला होता. मी रिटर्न भरलं अन् सगळा परत आला. काम करून घेऊन स्टायपेंड दिलं तर ते पगारात धरतात, त्याला कर लागू शकतो. माझी सरकारनं निव्वळ शिकण्यासाठी दिलेली शिष्यवृत्ती हाय, ती करातून सुटते.

आता दुकानात गिऱ्हाइकांना काय सांगू म्हणून खट्टू होऊ नका. तुमचा गुडघा कसा हाय? गोळ्या घ्यायलाव न्हवं?

गिऱ्हाइकांना इतकंच सांगा. जत्रेत दासोहाच्या पंगतीला जेवायला बसलेल्याकडून कुणी पैसे घेतं का? मी अजून पंगतीत बसलेय. कधी न पाहिलेल्या माणसांच्या करातून माझं ताट वाढलंय. आपल्या भांड्याच्या दुकानानं भरलेल्या करातली पळीभर आमटीही त्यात असेल. अन् एवढ्या लांब मला शिकायला धाडलं, ते पहिलं वाढणं तर तुमचंच.

नोकरी लागली की मीही वाढायला उठेन. पेढे तेव्हा पुन्हा वाटा.

तुमची, अजून जेवायलेली,
सौम्या