केसाहून बारीक फरक

डिलन, मोंटाना
१९ ऑक्टोबर

प्रिय रॉस,

तुला आणि मारिसाला अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. डोंगरावर बर्फ उतरलंय, लाकडं रचून झाली, म्हातारा कुत्रा अजून माझ्याआधी जेवायला हजर असतो. शेजारच्या अर्व्हिनने एल्क हरणाचं मांस आणून दिलं, तेच रटरटतंय चुलीवर. अक्षर बारीक आलंय तिकडे लक्ष देऊ नकोस. कागद वाचवतेय.

तुझी कागदपत्रं पोचली. हे घर विकायचं, बॉयझीला तुमच्याजवळच्या फ्लॅटमध्ये मी जाऊन राहायचं, माझी सही तेवढी बाकी. लिफ्ट आहे म्हणे तिथे. वा! ज्या बाईने तुझ्या बाबांबरोबर या घराचं छप्पर चढवलं, तिला लिफ्ट!

हे सगळं सप्टेंबरातल्या क्लबच्या नेमबाजीवरून निघालं, ते काय मला कळत नाही? इतकी वर्षं मी तिथे माझ्या वडिलांचं रिव्हॉल्व्हर घेऊन उभी राहते. त्या दिवशी निम्म्या गोळ्या कागदाला शिवल्यासुद्धा नाहीत. अर्व्हिन म्हणाला, "नेल्डा, दमलीस गं. बस जरा." आणि तू? सगळ्यांदेखत माझ्या हातून रिव्हॉल्व्हर काढून पेटीत ठेवलंस. "आई, पुरे आता. हात राहिला नाही तुझा." हळूच बोललास, पण अर्ध्या क्लबाने ऐकलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. तुझ्यासाठी भाजलेला हकलबेरीचा केक त्या संध्याकाळी कुत्र्याने खाल्ला, एवढं सांगते.

बरं, आता ऐक. तो निशाणाचा कागद मी घरी आणला होता. रडून झाल्यावर नीट पाहिला, तर जी भोकं पडली होती ती गोल नव्हतीच. लांबट! गोळी नाकासमोर न जाता कोलांट्या घेत गेली होती आणि कागदावर आडवी आपटली होती. आता तूच सांग शहाण्या, हात हलला तर गोळी चुकते की आडवी होते? चुकते. बाजूला जाते, वर जाते, पण भोक गोलच पाडते. आडवी होते ती नळीत सैल बसली तर. नळीच्या आतले आटे तिला पकडू शकले नाहीत, म्हणजे ती भोवऱ्यासारखी स्वतःभोवती फिरली नाही, आणि अशी न फिरलेली गोळी कुठेही भरकटते.

म्हणून तुझ्या बाबांचा बारीक मापं घ्यायचा मायक्रोमीटर काढला.

माझ्या वाढदिवसाला तू गोळ्यांचा डबा दिला होतास, आठवतं? "आई, आता शिसं वितळवत धुरात बसायचं नाही, तयार गोळ्या वापर." किती बरं वाटलं होतं मला! त्या दिवसासाठी काडतुसांच्या पुंगळ्या मी भरल्या, बंदुकीची दारू नेहमीचीच, तेवढीच. फक्त माझ्या साच्यातल्या गोळीऐवजी तुझ्या डब्यातली बसवली. डब्यावर माप पंचेचाळीस लिहिलंय, रिव्हॉल्व्हरवर पंचेचाळीस लिहिलंय, झालं! तूही फसलास, मीही फसले. एका इंचाचे हजार भाग कर. तुझी गोळी भरली चारशे बावन्न. मग मऊ शिशाचा गोळा माझ्या रिकाम्या नळीतून ठोकत ठोकत पार केला आणि मोजला. चारशे चौपन्न! दुसऱ्या महायुद्धाआधीची नळी ती, तेव्हाचं मापच सैल. फरक दोन भागांचा. माझ्या डोक्यावरचा केस मोजला, तो तीन भरला.

केसाहून कमी फरकापायी तू माझं घर विकायला निघालास.

तुला वाटेल, नाचता येईना अंगण वाकडं. पण बाळा, अंगण खरंच वाकडं होतं. मी मोजलंय. चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीस तू.

मग जुना साचा काढला, शिसं वितळवलं (हो, खिडकी उघडून), आणि रविवारी क्लबात गेले. अर्व्हिन म्हणाला, "नेल्डा, रॉसला कळलं तर?" म्हटलं, "मीच कळवणार आहे. तू साक्षीला उभा राहा आणि तोंड बंद ठेव." सहा गोळ्या झाडल्या. सहाही भोकं गोल. त्यातली पाच आपल्या कॉफीच्या बशीखाली झाकली जातात. अर्व्हिनने टोपी काढली!

सहावी मात्र खाली गेली. ती गोळीची चूक नाही, माझ्या हाताची.

अक्षर कागद वाचवायला बारीक केलेलं नाही, रॉस. ते आपोआप होतंय. मे महिन्यात डॉक्टरांनी सांगितलं, पार्किन्सन. तुला सांगितलं नाही, कारण तू आधीच माझ्याकडे भांडं फुटायची वाट बघत असल्यासारखा बघतोस. हात रिकामा असला की थरथरतो, काम दिलं की अजून गप्प बसतो. भीती वाटते मला. पहाटे तर फार वाटते. पण ती भीती माझी आहे, आणि तिचं माप मी घेणार, तू नाही. रिव्हॉल्व्हर धरवेनासं होईल त्या दिवशी मीच फोन करीन आणि पेटी तुझ्या हाती देईन. तोवर माझ्या हातातून कोणी काही काढून घ्यायचं नाही. लोकांसमोर नाही, आणि प्रेमाने तर मुळीच नाही.

तुझी कागदपत्रं सोबत परत पाठवतेय. रविवारी निशाणाचे कागद घरी विसरले, ही कागदपत्रं गाडीत होती, म्हणून यांच्याच मागच्या कोऱ्या बाजूवर अर्व्हिनकडून वर्तुळ काढून घेतलं आणि तीच फळीवर ठोकली. उलटून बघ. सहावी गोळी बरोबर सहीच्या रेघेतून गेली आहे. देवाशप्पथ, नेम तिथे धरला नव्हता.

सही तिथे मिळायची नाही. ही घे, अर्धा कागद अडवून, होईल तेवढी मोठी केलीय.

तुझी आई,
याच घरातून,
नेल्डा